डांगरखेड्याचा गाळ

अमळनेरहून डांगरखेड्याकडे जाताना समोरून गाळाने भरलेला ट्रॅक्टर आला, तेव्हा आधी मला बरंच वाटलं. काळा, चकचकीत गाळ होता. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. असा गाळ वावरात पडला की पुढची दोन-तीन वर्षं कपाशी वेगळीच दिसते, हे मला कुणी सांगायला नको. मी गाडी बाजूला घेतली, ड्रायव्हरला हात केला आणि सहज विचारलं, "कुठला गाळ हो?"

"बंधाराना. सकायपाईन मशीन चालू शे."

"कोणत्या बाजूचा?"

"रस्ताकडना. जुना कारखाना शे ना, त्याना खालना. तठला गाळ एक नंबर शे."

शेजारी शाझिया बसली होती. ती धुळ्याची, आमच्याच कंपनीत, चार वर्षांपासून माझ्याबरोबर काम करते. ती हळूच म्हणाली, "भाऊ, हा तर आपल्या अहवालातला बंधारा."

"हो," मी म्हणालो. आणि ड्रायव्हरला सांगितलं, "ही ट्रॉली इथेच उभी कर. खाली करू नकोस."

"तुम्ही कोन? तहसीलदार शेतस का?"

"तहसीलदार नाही. पण थांब."

माझं काम काय आहे ते इथे सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कारखाने बंद पडतात, मालक निघून जातात, आणि जमिनीत जे मुरलंय ते तिथेच राहतं. ते शोधायचं, मोजायचं आणि काढायचं किंवा बंद करून टाकायचं, हे माझं काम. सत्तावीस वर्षं करतोय. सुरुवात बोअरच्या पाण्याच्या बाटल्या भरण्यापासून झाली. नंतर गुजरातेत रंगाच्या कारखान्यांच्या जमिनी केल्या, नाशिककडे केल्या, आपल्या खान्देशातही केल्या. या कामात एक भाग धोक्याच्या अंदाजाचा असतो. विष कुठे आहे, तिथून ते कुणापर्यंत पोचतं, आणि पोचलं तर काय होतं, हे लिहायचं. कुणापर्यंत म्हणजे फक्त माणसं नाहीत. गाळातले किडे, ते किडे खाणारे मासे, मासे खाणारे बगळे, सगळे आले.

डांगरखेड्याला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा एक कारखाना होता. दहा वर्षांपूर्वी बंद पडला. भट्टीची काळी राख आणि खडे आवारात ढिगाने पडून होते. ती जमीन नवीन माणसाने घेतली आणि साफ करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. आवार आम्ही चांगलं साफ केलं. त्याबद्दल आजही मला शंका नाही. खराब माती उचलली, जाड अस्तराचा खड्डा केला, त्यात भरली.

राहिला तो खालचा बंधारा. कारखान्याचा ओहोळ त्याला रस्त्याच्या बाजूने मिळतो. त्या तोंडाशी गाळात शिसं सापडलं. पाण्यात मात्र नव्हतं. मी लिहिलं की हा गाळ पाण्याखाली स्थिर आहे, त्यावर दरवर्षी नवा गाळ बसतोय, तो हलवला तरच धोका वाढेल, म्हणून आहे तिथेच ठेवावा आणि वर्षातून दोनदा तपासावा. असं करणं चुकीचं नसतं. पुष्कळ ठिकाणी तेच योग्य असतं. पण आमच्याकडे बंधारे उन्हाळ्यात आटतात आणि आटले की लोक गाळ काढून वावरात टाकतात. सरकारी योजना आहे, ती नव्हती तेव्हाही लोक काढायचेच. माझ्या वडिलांनी बैलगाडीने काढलाय. मी त्या अहवालात बगळ्यांचा विचार केला होता, पण ट्रॅक्टरचा केला नव्हता.

तो अहवाल मी नोव्हेंबरमध्ये लिहिला. दवाखान्याच्या बाकावर बसून. माझी बायको दीपमाला आत होती. त्याआधीचा प्रत्येक अहवाल ती वाचायची. तिला रसायनं कळत नव्हती, ती धुळ्यात देवपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. पण वाचून झालं की एकच विचारायची, "इथे कोण कोण येतं ते लिहिलं का?" एकदा तिच्यामुळे मला गवत कापायला येणाऱ्या बायका आठवल्या, एकदा मेंढ्या. हा अहवाल तिने वाचला नाही. तो पाठवल्यावर नऊ दिवसांनी ती गेली. आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिची पहिली घागर भरली, त्याला आठ दिवस झाले होते.

ही सबब म्हणून सांगत नाही. सही माझी होती.

पहिल्या तपासणीलाच निघालो होतो, म्हणून सामान गाडीत होतं. ट्रॉलीतला मूठभर गाळ शाझियाने पिशवीत घेतला आणि त्याला गन लावली. बंदुकीसारखं दिसणारं यंत्र आहे, मातीला टेकवलं की मिनिटभरात धातूंचे आकडे देतं. आमच्या भागातल्या काळ्या मातीत शिसं दहा-पंधरा असतं, म्हणजे दहा लाख भागांत दहा-पंधरा भाग.

"एकोणीसशे," ती म्हणाली. "आणि ओला आहे, भाऊ."

ओल्या मातीत यंत्र कमी दाखवतं. म्हणजे खरा आकडा याच्याही वर होता.

"अशा किती ट्रॉल्या गेल्या?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बावीस. बठ्ठ्या यशोदाबाईना वावरमा. चिठ्ठीमा पयला नंबर तिना लागना." सगळ्या एकाच वावरात; गाळ आधी कुणाला, हे गावाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं.

बंधाऱ्यावर पोचलो तर जत्रा होती. जेसीबी चालू, सहा ट्रॅक्टर रांगेत, बाभळीखाली वीस-पंचवीस माणसं. सरपंच भटू नाना पुढे आले. मोठ्या मनाचा माणूस, पण जीभ तिखट.

"या रुपचंदभाऊ! वावर आहे का तुमचं इकडे? चिठ्ठी टाकायला उशीर केला तुम्ही."

"नाना, मशीन थांबवा."

"काय व्हयनं?"

"या बाजूच्या गाळात शिसं आहे. कारखान्याचं."

जेसीबीवाल्याने आपण होऊनच मशीन बंद केलं. नानांचा चेहरा उतरला, मग तापला. "जानेवारीमा ग्रामसभामा तुम्हीच सांगं ना, कारखाना साफ व्हई गया म्हनीसन? आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. पेढा तुम्हीही खाल्ला!"

"कारखाना साफ आहे. बंधाऱ्याबद्दल मी चुकलो. गाळ कुणी हलवणार नाही असं धरून चाललो."

"गाळ हलवनार नही? मंग काय त्याची पूजा करणार होतो?"

लोक हसले. मी हसलो नाही, पण मला राग आला नाही. नाना बरोबर बोलत होते.

मागून एक बाई पुढे आली. साठीची, उंच, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. यशोदाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चार बिघे स्वतः करणारी.

"कोन म्हनस मना गाळ खराब शे?"

"मी म्हणतो, अक्का."

"तूच तो कागदवाला?"

"हो."

"शिकेल मानूस चुकना त कागद बदली टाकस. मनं वावर कसं बदलशी तू?"

"चला, दाखवा मला. मग सांगतो."

वावरात बावीस ढीग पडले होते. पैकी आठ ब्लेडने पसरून झाले होते. एका ढिगावर तिची पाच-सहा वर्षांची नात सारिका बसली होती. तिने गाळाची चूल केली होती, छोटा तवा केला होता, त्यावर भाकऱ्या मांडल्या होत्या. कोपरापर्यंत हात काळे. मला पाहून म्हणाली, "बाबा, भाकर खा."

शिसं कपाशीत फारसं चढत नाही. ते हातातून तोंडात जातं, आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. मी यशोदाबाईला तिथेच सांगितलं, घाबरवायला नाही, नीट समजावून. शाझियाने सारिकाला विहिरीवर नेऊन साबणाने दोनदा हात धुतले, नखं काढली. पोरीने चुलीसाठी भोकाड पसरलं. यशोदाबाईने ती चूल पायाने मोडली, पण एकदम नाही. आधी थांबली, मग मोडली.

"उद्या हिचं रक्त तपासून घेऊ धुळ्याला," मी म्हणालो. "एका सकाळच्या खेळाने फार काही होत नाही. पण तपासू."

"आनि वावर?"

"ढीग उचलतो. जिथे पसरलाय तिथली चार बोटं माती खरवडून काढतो. मग मोजतो. वावर आधी होतं तसं आलं तरच त्याला हात लावा."

"आनि गाळ? मना नंबर गया ना मंग?"

इथे सगळा प्रश्न होता. जेसीबी शनिवारपर्यंतच होता, मग दुसऱ्या गावाला जाणार. आज मंगळवार. मी नुसतं "गाळ काढू नका" म्हणून निघून गेलो असतो, तर मी गेल्यावर त्यांनी काढलाच असता, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही काढला असता. त्यांना चांगला गाळ कुठे आहे ते दाखवायला हवं होतं. आणि तो असणार याची मला खात्री होती. शिसाचे कण जड असतात, ओहोळाच्या तोंडाशीच बसतात. बंधाऱ्याचं मुख्य पाणी येतं दुसऱ्या अंगाने, डोंगराकडून. तिकडचा गाळ चांगला असायलाच हवा होता. पण "असायला हवा" यावर मी एकदा सही केली होती. पुन्हा करणार नव्हतो.

मी स्वप्नील सरांना फोन लावला. कंपनीचे मालक, नाशिकला असतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सगळं सांगितलं.

"भाऊ, तुम्ही सुट्टी घ्यायला हवी होती," ते म्हणाले. "वहिनी गेल्यापासून तुम्ही थांबलाच नाहीत."

"सुट्टीचा प्रश्न नाही. अहवाल चुकलाय."

"चुकला असं म्हणू नका. परिस्थिती बदलली, असं लिहू."

"परिस्थिती काही बदललेली नाही. गाळ दर उन्हाळ्यात निघतो. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही."

"पुढच्या कामांच्या वेळी हे कुणीतरी काढणार. तुमचं नाव आहे त्यावर."

"म्हणूनच मी खोडतोय. सत्तावीस वर्षांचं काम एका चुकीने पडत नाही, सर. लपवलं तर मात्र पडेल, आणि तुमच्यासकट पडेल."

मग म्हणाले, "काय काय लागेल?"

"आवारातला खड्डा अजून वरून बंद केलेला नाही. यशोदाबाईच्या वावरातला गाळ तिथे न्यायचा आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांशी मी बोलतो, लेखी परवानगी तुम्ही मिळवा. संध्याकाळपर्यंत."

परवानगी साडेसातला मेलवर आली. स्वप्नील सरांचं मी इथे कौतुकच करीन.

दुपारीच बंधाऱ्यात पांढऱ्या फक्कीने रेघा मारल्या, दहा-दहा मीटरवर, लग्नाचा मांडव आखतात तशा. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे खड्डा. अडुसष्ट खड्डे. प्रत्येकात वरचा, मधला, खालचा असा तीन ठिकाणचा गाळ. गावातली दहा-बारा जणं फावडी घेऊन उतरली. हातमोजे घाला म्हटलं तर एकजण म्हणाला, "भाऊ, डॉक्टर करी टाकं आम्हाले!" पण घातले.

दोनशे चार नमुने झाले. ते सुकवायचे होते, कारण ओल्या मातीच्या आकड्यावर मी निर्णय घेणार नव्हतो. प्रयोगशाळेत ओव्हन असतो. इथे मे महिन्यातलं आमचं ऊन होतं, चव्वेचाळीस अंशांचं, आणि ते ओव्हनला हरवतं.

"देवळाची स्टीलची ताटं आहेत तीनशे," नाना म्हणाले. "लग्नाची. काढू?"

"नको नाना. उद्या कुणी त्यात जेवणार नाही."

"का? घासून घेऊ की."

"तुमच्या नातवाच्या लग्नात मला बोलवाल ना? मग त्याच ताटात मला वाढाल. नको."

नाना पहिल्यांदा हसले. एकजण मोटरसायकलवर अमळनेरहून कागदाच्या प्लेटा घेऊन आला. बुधवारी सकाळी देवळामागच्या मोकळ्या ओट्यावर दोनशे चार प्लेटा मांडल्या, प्रत्येकीत पसाभर गाळ, प्रत्येकीवर नंबर. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एक आजी विचारून गेली, कसला प्रसाद आहे.

तिकडे जेसीबी यशोदाबाईच्या वावरात लावला होता. ढीग भरून, वर ताडपत्री बांधून ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात जात होत्या, रस्त्यात अडवलेली ट्रॉलीही त्यांच्यात होती. मी दोन्हीकडे फिरत होतो. अकराच्या सुमारास सावलीत उभा राहिलो आणि खिशातून फोन काढून घरचा नंबर लावला. आज जेवायला थांबू नकोस, हे सांगायला. रिंग वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं. दीपमालाचा फोन देवपूरच्या घरात कपाटात आहे, मी तो चार्ज करत असतो. का करतो ते मला सांगता येत नाही. पूर्ण वाजू दिला, मग ठेवला आणि प्लेटांकडे गेलो.

बारा वाजेपर्यंत गाळ तडकला, पांढुरका झाला. शाझियाने एकेक प्लेट मोजायला घेतली आणि मी लिहायला. ओहोळाच्या तोंडाशी दोन हजार सहाशे, दोन हजार तीनशे. मग नऊशे. मग दोनशे दहा. मग साठ. मग एकदम अठरा, चौदा, सोळा, बारा, चौदा. तोंडापासून सत्तर मीटरवर सगळं शांत होत होतं. मी पन्नासच्या वर सगळं खराब धरलं आणि त्यापुढे आणखी वीस मीटर सोडले. रस्त्याकडचा साधारण पाचवा हिस्सा गेला. चार हिस्से गाळ चांगला होता.

नानांना कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

"म्हणजे डोंगराकडून सुरू करायचं."

"तिकडूनच. आणि फक्कीच्या पलीकडे एक टोपली नाही."

"रुपचंदभाऊ, हे नोव्हेंबरमध्ये केलं असतं तर?"

"तर तुम्हाला आज मला शिव्या देता आल्या नसत्या."

"त्या मी दिल्याच कुठे अजून," नाना म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्यांना उद्या सकाळचं सांगायला गेले.

त्याच संध्याकाळी, सकाळी धुळ्याला दिलेल्या सारिकाच्या रक्ताचा निकाल फोनवर आला. काळजीचं कारण नव्हतं. यशोदाबाईने ऐकलं आणि मान हलवली.

गुरुवारी सकाळी तिचं वावर मोजायला घेतलं. ढीग गेले होते, पसरलेल्या जागी चार बोटं माती खरवडली होती. पावलापावलावर गन टेकवत गेलो. पंधरा, तेरा, सतरा. बांधाजवळच्या कोपऱ्यात एकशे चाळीस आला. तिथे ट्रॉल्या वळत होत्या, चाकांनी गाळ आत दाबला होता. जागा खाटेएवढी.

नाना सोबत होते. म्हणाले, "एवढंसं राहू द्या. नांगरटीत मिसळून जाईल."

"मिसळून जाईल म्हणूनच नको. मग कधीच सापडणार नाही."

"गावातले सहा ट्रॅक्टर थांबलेत. पहिला नंबर यशोदाबाईचा, तिचं झाल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

"अर्धा तास द्या."

कुदळ घेऊन मी स्वतःच सुरुवात केली. दोन जण मदतीला आले. वीतभर खोल गेलो, माती पोत्यांत भरली, पुन्हा मोजली. बत्तीस. अजून चार बोटं. मग सोळा. यशोदाबाई बांधावर उभी राहून सगळं बघत होती. कुणालाही मध्ये बोलू देत नव्हती.

"व्हयनं?" तिने विचारलं.

"झालं, अक्का. तुमचं वावर आधी होतं तसं आहे."

"मागे बी तू सांगं व्हतं, झालं म्हनीसन. मी कसं मानू?"

मी पिशवीतून कागद काढला. दुरुस्त अहवालाचं पहिलं पान रात्री लिहून ठेवलं होतं. ते शाझियाला वाचायला दिलं. तिने मोठ्याने वाचलं:

"डांगरखेडे बंधाऱ्यातील गाळ आहे तिथेच ठेवावा, असं मी नोव्हेंबरमधील अहवालात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. या बंधाऱ्यातील गाळ दरवर्षी उन्हाळ्यात शेतात टाकला जातो, ही गोष्ट मला माहीत असून मी विचारात घेतली नाही. त्यामुळे श्रीमती यशोदाबाई यांच्या शेतात दूषित गाळ पडला. तो काढला आहे. शेतातील प्रत्येक जागेचा आकडा सोबत जोडला आहे. रस्त्याकडील गाळ पावसाळ्यापूर्वी काढून सुरक्षित जागी नेला जाईल. तो जाईपर्यंत ही जबाबदारी माझी आहे."

खाली माझं नाव, सही, मोबाईल नंबर.

"हाऊ कागद कोना कडे जाई?" यशोदाबाईने विचारलं.

"कलेक्टर ऑफिसला, प्रदूषणवाल्यांना, कंपनीला आणि ग्रामपंचायतीला. एक तुमच्याकडे."

"त्यामा तुनंच नाव शे ना? चुकना म्हनीसन?"

"माझंच."

तिने कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी सहीवर बोट ठेवून बघितलं. घडी घालून कमरेला खोचला. मग नानांकडे वळली.

"नाना, काय बघी ऱ्हायना? पाठव ट्रॅक्टर. मना नंबर शे." आणि मला म्हणाली, "तू सावलीमा बस. तोंड कसं लाल व्हई गयं."

"पहिली ट्रॉली मोजल्याशिवाय नाही बसत."

डोंगराकडून ट्रॅक्टर आला. हा गाळ तेवढा काळा नव्हता, थोडा करडा होता. यशोदाबाईने मूठ भरून दाबून बघितला आणि नाक मुरडलं. "तवढा भारी नही."

"तवढा नाही, अक्का. पण कपाशी येईल."

शाझियाने मूठभर पत्र्यावर पसरला. सुकेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो. मग तिने गन टेकवली.

"तेरा."

मी ड्रायव्हरला हात केला. ट्रॉली मागून वर उचलली गेली आणि गाळ वावरात पडला.